गिअर सेट केला तरी आठवड्यात पुन्हा का बिघडतो?

तक्रार बहुतेक अशीच येते. सायकल १८ किंवा २१ गिअरची, घेतली तेव्हा मस्त चालली. पहिला पावसाळा गेला आणि मागचा गिअर अडायला लागला. तालुक्याच्या दुकानात नेली, तिथे पेचकस घेऊन दोन स्क्रू इकडेतिकडे फिरवले, वायर ताणून दिली, सायकल नीट झाली. गावापर्यंत आली तेव्हाही ठीक होती. पण आठवडा जात नाही तोच पुन्हा कडकड. चौथ्यावर टाकला की आपणहून पाचव्यावर जातो, चढावर जोर दिला की पायडल झटका खाऊन रिकामं फिरतं. पुन्हा दुकान, पुन्हा तेच दोन स्क्रू. शेवटी कोणीतरी म्हणतं, "हलका माल आहे बाप्पा, गिअर काढूनच टाक."

गिअर काढून टाकायची वेळ फार कमी वेळा येते. स्क्रू आपले आपण फिरत नाहीत. सेटिंग पुन्हा पुन्हा बिघडतं याचा अर्थ कुठेतरी काहीतरी सरकतंय, दबतंय किंवा अडकतंय, आणि ते तसंच ठेवून सेटिंग केलंय. आमच्या दारव्हा-दिग्रसकडच्या काळ्या मातीत हे कारण बहुधा तीनपैकी एका जागी सापडतं: वायरचं आऊटर (वायरवरची काळी नळी), मागच्या चाकाचा नट, नाहीतर चेन. मागचा गिअर, म्हणजे डिरेलर, स्वतः गुन्हेगार असणं त्यामानाने विरळ. म्हणून पेचकस हातात घ्यायच्या आधी कारण शोधा.

कोणत्या बाजूला जाताना अडतो?

पहिला प्रश्न हाच विचारा, कारण निम्मं निदान इथेच होतं. मागचा गिअर एका बाजूला वायर ओढते आणि दुसऱ्या बाजूला त्याचीच स्प्रिंग परत आणते. नेहमीच्या स्वस्त गिअरमध्ये वायर चेनला मोठ्या चकरीवर (मागच्या दातेरी चाकावर) चढवते, स्प्रिंग तिला लहान चकरीवर उतरवते.

मोठ्या चकरीवर चढताना अडत असेल तर वायर ढिली आहे किंवा आऊटर दबतंय. लहान चकरीवर उतरताना अडत असेल, उशिरा उतरत असेल किंवा दोनदा लिव्हर दाबल्यावर एकदम दोन चकऱ्या उतरत असेल, तर स्प्रिंगला वायर मागे ओढता येत नाहीये. म्हणजे आऊटरमध्ये माती किंवा गंज आहे, नाहीतर गिअरचे सांधे घट्ट झालेत. आणि एक तिसरी अवस्था असते, जी दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही वैताग आणते: चढताना बरोबर करावं तर उतरताना चुकतो, उतरताना बरोबर करावं तर चढताना चुकतो. असं झालं की सेटिंग तिथेच थांबवा. दोन्हीकडे चालेल असं सेटिंग अस्तित्वातच नसतं. वायर बदलायला घ्या.

इतक्या थोड्या गोष्टीने एवढा फरक का पडतो ते आकड्यांत पाहा. शिमानो या जपानी कंपनीच्या ७ चकऱ्यांच्या पद्धतीत शिफ्टरचा (हँडलवरच्या गिअर लिव्हरचा) एक क्लिक वायर जेमतेम २.९ मिमी ओढतो. गिअर त्याच्या सुमारे १.७ पट सरकतो, म्हणजे साधारण ५ मिमी. दोन चकऱ्यांमधलं अंतरही तेवढंच असतं. आता आऊटर नुसतं १ मिमी दबलं तरी गिअर १.७ मिमी कमी सरकतो. पाचपैकी पावणेदोन गेले, मग चेन धड या चकरीवर नाही, धड त्या चकरीवर नाही.

आऊटर: सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच

मागच्या बाजूने सुरुवात करा. फ्रेमपासून गिअरपर्यंत जो वीतभर-दीडवीत आऊटरचा वळसा असतो, तो सगळ्यात खाली आणि चाकाच्या अगदी जवळ. पांदण रस्त्याचा सगळा गारा तिथे उडतो. पाणी वायरवरून ओघळत आत जातं, वळशाच्या तळाशी साचतं, आणि दिवाळीपर्यंत आतली माती वाळून दगड होते. वरून आऊटर नव्यासारखं काळं चकचकीत दिसतं.

तपासायची युक्ती सोपी आहे. मागचं चाक उचलून पायडल फिरवा आणि चेन सगळ्यात मोठ्या चकरीवर न्या. पायडल थांबवा. आता पायडल न फिरवता शिफ्टर पूर्ण उलट, म्हणजे शेवटच्या आकड्यावर न्या. वायर ढिली पडेल आणि फ्रेमच्या खाचांमधून आऊटर हाताने बाहेर निघेल. एका हाताने आऊटर धरून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी वायर मागेपुढे सरकवा. ती गुळगुळीत सरकायला हवी. खरखर लागली, मध्येच अटकली, किंवा वायरवर लाल-काळी पेस्ट निघाली तर कारण सापडलं. तेल सोडून दोन दिवस भागेल, पण तेलाला माती चिकटते आणि आठवड्यात तेच. तेवढा तुकडा नवा टाका. इनर वायरही नवी टाका, तिचा खर्च फार नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गिअरचं आऊटर आणि ब्रेकचं आऊटर वेगळं असतं. ब्रेकच्या आऊटरमध्ये चपटी तार स्प्रिंगसारखी गोल गुंडाळलेली असते आणि जाडी साधारण ५ मिमी असते. गिअरच्या आऊटरमध्ये बारीक तारा लांबीच्या दिशेने शेजारी शेजारी सरळ गेलेल्या असतात, जाडी साधारण ४ मिमी. कापलेलं टोक डोळ्यांसमोर धरलं की फरक लगेच कळतो. खेड्यातल्या दुकानात ब्रेकचं आऊटर कायम असतं, गिअरचं नसतं. मग जे आहे ते टाकून देतात. गुंडाळलेली तार ताण आला की दबते, हँडल वळवलं की लांबी बदलते, आणि वर सांगितलेला तो १ मिमी इथेच हरवतो. सायकल स्टँडवर उभी असताना गिअर नीट पडतो आणि रस्त्यावर बिघडतो, याचं कारण बहुतेक हेच.

उलटी चूक मात्र कधीही करू नका. गिअरचं आऊटर ब्रेकला लावायचं नाही. जोरात ब्रेक दाबला की त्याच्या सरळ तारा फाकून आऊटर फुटू शकतं आणि ब्रेक जातो. पोरांच्या सायकलीत हे विशेष बघून घ्या.

वायरही वेगळी असते: गिअरची सुमारे १.२ मिमी, ब्रेकची दीड मिमीच्या आसपास, आणि दोन्हींच्या टोकाची गोळी वेगळ्या मापाची. ब्रेकच्या वायरची गोळी कानशीने घासून शिफ्टरमध्ये बसवायच्या फंदात पडू नका, ती आत अडकून बसते.

आऊटर कापताना आत जुनी वायर राहू द्या आणि तिच्यासकट धारदार कटरने कापा, म्हणजे आतली प्लास्टिकची नळी चेपत नाही. टोक कानशीने सपाट करा. मग दाभण घालून नळीचं तोंड गोल उघडा. पोती शिवायचं दाभण घरोघरी असतं, याच्याइतकं चांगलं हत्यार या कामाला दुसरं नाही. दोन्ही टोकांना टोपी बसवा. टोपीशिवाय आऊटर फ्रेमच्या खाचेत हळूहळू खचत जातं आणि सेटिंग रोज थोडं थोडं ढिलं होतं. वळसा असा ठेवा की आऊटर गिअरमध्ये सरळ शिरेल. आखूड असेल तर ते मोडल्यासारखं वाकतं, लांब असेल तर लोंबतं आणि तुरीच्या फणकटात अडकतं.

पंक्चर काढलं की गिअर बिघडतो, ते का?

"काका, परवाच तं सेट करून नेला होता, काल पंक्चर काढलं अन् आज पुन्हा उडून राह्यला." हे वाक्य ऐकलं की मी गिअरकडे बघतच नाही, नटाकडे बघतो.

महागड्या सायकलीत गिअर फ्रेमच्या हँगरला (फ्रेमलाच मागे असलेल्या कानासारख्या तुकड्याला) बसतो. स्वस्त सायकलीत तो एका लोखंडी पट्टीवर असतो, आणि ती पट्टी मागच्या चाकाच्या नटाखाली दाबलेली असते. तिला धरून ठेवणारा एक लहान बोल्टही असतो, तो फ्रेमच्या खाचेत बसतो. बाभळीचा काटा किंवा गोखरू लागला, पंक्चरवाल्याने चाक काढलं, की ती पट्टी सुटते. चाक परत बसवताना पट्टी थोडी पुढे-मागे फिरली, एक्सल खाचेत पूर्ण गेला नाही किंवा तो लहान बोल्ट ढिलाच राहिला, की गिअरचा कोन बदलला. त्यानंतर स्क्रू कितीही फिरवा.

चाक बसवताना एक्सल खाचेत शेवटपर्यंत ढकला, चाक फ्रेमच्या मधोमध आहे का ते पाहा, पट्टी फ्रेमला सपाट टेकलीय का ते बोटाने चाचपा, आधी लहान बोल्ट आवळा आणि मग दोन्ही बाजूंचे नट. नट पुरते घट्ट हवेत. दूध किंवा चाऱ्याचं ओझं घेऊन पायडलवर उभं राहिलं की उजव्या बाजूने चाक पुढे ओढलं जातं, ढिल्या नटाने ते सरकतंच.

यातच आणखी एक भानगड असते, कॅरिअरची. कॅरिअर किंवा स्टँडची पट्टी गिअरच्या पट्टीच्या आत, फ्रेमला लागून घातली की गिअर तेवढ्या जाडीने बाहेर सरकतो. दोन-तीन मिमीची पट्टी म्हणजे अर्ध्या चकरीचा फरक. गिअरची पट्टी थेट फ्रेमवर बसली पाहिजे, कॅरिअर तिच्या बाहेरून. कॅरिअरला फ्रेमवर वेगळं भोक असेल तर तेच वापरा, एक्सलला हातच लावू नका.

वाकलेल्या पट्टीचं निदान नजरेने होतं. सायकलच्या मागे उकिडवं बसून बघा. गिअरच्या वरची पुली (चेन जिच्यावरून जाते ते छोटं दातेरी चाक) आणि खालची पुली चकरीच्या सरळ रेषेत, एकाखाली एक दिसली पाहिजे. खालची पुली चाकाच्या तारांकडे झुकली असेल तर पट्टी आत वाकलीय. सायकल उजव्या अंगावर पडली, किंवा काळीपिवळीच्या टपावर, ट्रॉलीत उजवी बाजू खाली ठेवून नेली, की हे होतं. नेहमी डाव्या बाजूवर आडवी करा. लोखंडी पट्टी चाक लावलेलं असतानाच रिंच पान्यात धरून हळू सरळ करता येते. ॲल्युमिनियमच्या हँगरला मात्र पुन्हा पुन्हा वाकवू नका, तुटतो.

जोर दिला की झटका खातो

हा गिअर सेटिंगचा दोष नसतोच. सपाटीला ठीक आणि चढावर, ओझ्याला झटका, विशेषतः नेहमी वापरता त्याच एका चकरीवर, तर चेन आणि फ्रीव्हील (मागच्या चकऱ्यांचा संच) झिजलंय.

चेन टेपने मोजा. एका पिनच्या मध्यापासून धरलं तर ती पिन सोडून पुढच्या २४ व्या पिनचा मध्य बरोबर १२ इंचांवर यायला हवा. अर्धा सूत पुढे गेला, म्हणजे सव्वाबारा नव्हे, फक्त बाराच्या पुढे १/१६ इंच, तर चेन बदला. एक सूत पुढे गेला तर फ्रीव्हीलही गेलेलंच समजा. अशा झिजलेल्या फ्रीव्हीलवर नुसती नवी चेन टाकली तर ती जुनीपेक्षा जास्त उडते, कारण जुनी चेन आणि जुने दाते बरोबरीने झिजून एकमेकांत बसलेले असतात. नवी चेन खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडण होतं, दोष तिचा नसतो.

नवी चेन घेताना गिअरचीच मागा. साध्या काळ्या सायकलच्या चेनची आतली रुंदी एक सूत असते, गिअरच्या चेनची पाऊण सूत. रुंद चेन शेजारच्या चकरीला घासते आणि क्लिकवर नीट चढत नाही. ठरावीक अंतराने, पायडलच्या काही फेऱ्यांनी एकदाच कटकन वाजत असेल तर एखादी कडी घट्ट झालीय. पायडल उलटं फिरवा, ती कडी छोट्या पुलीतून जाताना वाकडीच राहते, लगेच दिसते. दोन्ही बाजूंनी हलकं वाकवून आणि थेंबभर तेल देऊन ती मोकळी होते.

कापूस वेचणीच्या दिवसांत छोट्या पुल्या जरूर बघा. जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांमधून सरकी-कापूस रस्त्यावर सांडतो, त्याचा तंतू तेलकट पुलीला गुंडाळतो, त्यावर धूळ बसते, आणि पुलीच्या दोन्ही अंगांना नमद्यासारखी काळी चकती तयार होते. ब्लेडच्या टोकाने ती कापून काढली की पुली मोकळी फिरते. मोटारसायकलचं जळकं ऑइल चेनला ओतायची पद्धत आहे, ती सोडा. शिलाई मशीनचं पातळ तेल प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, थोडा वेळ पायडल फिरवा आणि मग फडक्याने बाहेरून कोरडं पुसून घ्या. तेल आत हवं, बाहेर नको. धुवायला बादली आणि ब्रश बास. गाड्या धुतात तो जोराचा फवारा फ्रीव्हीलच्या छऱ्यांत पाणी घुसवतो.

आता सेटिंग

वरचं सगळं ठीक असेल तरच. चाक मोकळं फिरायला हवं, म्हणून सीटला दोर बांधून सायकल निंबाच्या फांदीला टांगा. उलटी ठेवली तरी चालतं, पण मग शिफ्टर जमिनीवर दबतो.

शिफ्टर शेवटच्या आकड्यावर, चेन सगळ्यात लहान चकरीवर. वायरचा बोल्ट सोडा. गिअरवर H आणि L अशी अक्षरं असलेले दोन स्क्रू असतात, त्यातल्या एच स्क्रूने वरची पुली लहान चकरीच्या बाहेरच्या कडेच्या रेषेत आणा. मग हाताने गिअर आत ढकलत पायडल फिरवा आणि एल स्क्रूने अशी हद्द ठेवा की पुली मोठ्या चकरीच्या बरोबर खाली थांबेल, त्यापलीकडे जाणार नाही. एल स्क्रूला घाई करू नका. गिअर मोठ्या चकरीच्या पलीकडे गेला की चाकाच्या तारांत अडकतो, चार-पाच तारा तोडतो आणि स्वतः पिळवटतो. हे दोन स्क्रू फक्त दोन्ही टोकांच्या हद्दी आहेत. मधल्या गिअरच्या कडकडीशी त्यांचा काही संबंध नाही, म्हणून ते फिरवून मधला गिअर कधीच सुधारत नाही.

वायर हाताने ताणून बोल्ट आवळा. एक क्लिक द्या, चेन दुसऱ्या चकरीवर गेली पाहिजे. मग गिअरच्या मागचा गोल ॲडजस्टर (काही गिअरना तो शिफ्टरजवळ असतो) थोडा थोडा बाहेर काढत जा. वायर ताणली जाईल. चेन तिसऱ्या चकरीला हलकी घासल्याचा आवाज आला की थांबा आणि आवाज बंद होईपर्यंत तेवढाच मागे फिरवा. बाकीचे गिअर आपोआप जुळतात. नवी वायर असेल तर पहिल्या काही दिवसांत आऊटर आणि टोप्या आपल्या जागी बसतात, तेव्हा हाच ॲडजस्टर अर्धा फेरा आणखी काढावा लागेल. तेवढं नैसर्गिक आहे.

एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाकडे जाता जाता वाढत जाणारी चूक असेल, तर शिफ्टर आणि फ्रीव्हील जुळत नाहीत. ६ चकऱ्यांच्या फ्रीव्हीलमधलं अंतर ७ पेक्षा थोडं जास्त असतं. कोणीतरी दुसऱ्याचं फ्रीव्हील टाकलंय. शिफ्टरवरचे आकडे आणि चकऱ्या मोजून बघा.

गिअर खरंच बदलायचा का?

वायर सोडून गिअर हाताने आत ढकला आणि सोडा, तो टणकन परत यायला हवा. रेंगाळत आला तर सांध्यांत पातळ तेल सोडून हलवत राहा, पुन्हा बघा. मग खालचा पिंजरा, म्हणजे दोन्ही पुल्या धरणारा भाग, धरून आडवा हलवा. सांध्यांतूनच डुगडुगत असेल तर तो संपला. वरच्या पुलीला मात्र थोडं आडवं खेळणं शिमानोच्या पद्धतीत मुद्दाम ठेवलेलं असतं, त्यावरून गिअर भंगारात काढू नका.

बदलायचा झाला तर शिमानोचा टुर्नी हा सगळ्यात साधा गिअर पुरेसा आहे. त्यावर पैसे वाढवण्याऐवजी चांगलं आऊटर आणि चेन-फ्रीव्हील घ्या, फरक जास्त जाणवेल. क्लिकचा शिफ्टर मोडला असेल आणि भाग मिळत नसेल, तर क्लिक नसलेला, घर्षणावर थांबणारा लिव्हर मिळतो का पाहा. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एस या रेसिंगच्या संचात क्लिकची पद्धत आणली, त्याआधी गिअरच्या सायकली बहुतांशी असल्याच लिव्हरवर चालायच्या. त्यात वायरचा एखादा मिमी इकडेतिकडे झाला तरी अंगठ्याने सावरता येतो, आऊटर ब्रेकचं असलं तरी निभतं. रोज मातीत चालणाऱ्या सायकलला तो मला क्लिकपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

पुढच्या तीन चकऱ्यांबद्दल थोडक्यात. पुढचा गिअर सारखा छळत असेल तर त्याची वायर काढा आणि स्क्रू जुळवून चेन कायमची मधल्या चकरीवर ठेवा. मधली ३८ दात्यांची आणि मागे १४ ते २८ असेल, तर २६ इंची चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर ते २.८ मीटर अशी मजल मिळते. वर्धा-यवतमाळच्या रस्त्यांना एवढं भरपूर झालं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल तरच पुढची लहान चकरी लागेल, आणि त्यासाठी पुढचा गिअर राखून त्याची वायरही मागच्यासारखीच नवी टाकावी लागेल.